अर्धी ओळ

आमच्या नागावात लोकरीचा उपयोग एकच, बाळाचं टोपरं, आणि तेही घामोळं उठेपर्यंत. थंडी म्हणजे पौषात पहाटे पंखा एकवर आणायचा, इतपतच. तरीही आमच्या पडवीत बारा महिने सुया चालत, त्या वहिनीमुळे. वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. तिचं माहेर घाटावरचं, धुक्याचं. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या तळाशी सुयांचा जुडगा घेऊन आली, आणि सासूबाईंना आधी वाटलं होतं की या चकल्या उलटायच्या सळ्या असाव्यात. गावातल्या निम्म्या बाळांच्या डोक्यावर तिची टोपरी चढली असतील. सुरुवातीला मी तिला ‘अहो वहिनी’ म्हणत असे. ‘अहो’ केव्हा गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही.

मी डावखुरी. लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केला की चापट बसे, आणि लिहायला मला मारून मुटकून उजव्या हाताने शिकवलं. बाकी सगळं डाव्याचंच राहिलं. वहिनीने मला विणायला शिकवायला घेतलं तेव्हा आधी शेजारी बसवलं, आणि माझा एक टाका धड पडेना. मी चिडून सुया फेकल्या. तिने त्या उचलल्या, वेताची खुर्ची आपल्या समोर ओढली, मला तिथे बसवलं आणि म्हणाली की आता आरशात बघतेस असं समज. तेव्हापासून ती खांबाजवळच्या बाकावर आणि मी समोरच्या वेताच्या खुर्चीत. तिचा उजवा हात हलला की माझा डावा हलायचा. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर बाईसमोर आरसाच ठेवलाय असं वाटलं असतं, फक्त आरशातली बाई जरा सावळी आणि जास्त रागीट.

तिचा लोकरीचा गुंडा पितळी तपेलीत असे, घरंगळून अंगणात जाऊ नये म्हणून. धागा ओढला की गुंडा तपेलीत उडे आणि टणटण आवाज येई. आमच्या दुपारी त्या आवाजावर गेल्या. तो आवाज मी कधी ऐकत होते असं म्हणता यायचं नाही, पण थांबला की लगेच कळायचं.

तिच्या दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक, ओळ अर्धी टाकून उठायचं नाही. अर्ध्यावर सुई ठेवली की टाके निसटतात, आणि कुठे होतो तेही विसरतं. फोन वाजो, दूध उतू जावो, आमच्या होमस्टेची गिऱ्हाइकं बॅगा घेऊन दारात उभी असोत, कुणी हाक मारली की तिचं उत्तर ठरलेलं असे, ‘ओळ पुरी करते नि येते.’ दुसरी गोष्ट आमच्या किनाऱ्याची, पण ती तिने आमच्यापेक्षा घट्ट धरली होती. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. नको ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा मारतो तो आपला माणूस. मी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, मला हे पटायचं काही कारण नव्हतं. पण पाळत मीही होते, कशाला उगाच. तिचा मुलगा तर सुट्टीला संध्याकाळी घरी आला की फाटकातूनच एका दमात ‘आई-आई-आई’ करून मोकळा व्हायचा, आणि मग ती आतून हसत ओ द्यायची.

हा मुलगा म्हणजे आमच्या घरातलं एकच मूल. त्याचे वडील तो कॉलेजात असताना गेले. मला मूल नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक ते विचारायचं टाळत बसतात. त्याला मी न्हाऊमाखू घातलं, पाढे घेतले, धपाटेही दिले, पण मी काकू ती काकूच. वहिनीने कधी त्याला वाटून दिलं नाही आणि मी कधी मागितलं नाही. एका घरात शहाण्या बायका राहतात त्या अशाच राहतात.

तो न्हावा शेव्याला बंदरावर काम करतो. द्राक्षं, डाळिंबं, मासळी परदेशी नेणारे थंड कंटेनर असतात. त्यांची यंत्रं तपासायची, दार उघडून आत शिरायचं, मालाची थंडी बरोबर आहे का बघायचं. बाहेर अंगाची काहिली आणि आत बर्फ. जाड हातमोजे मिळतात, पण ते घालून यंत्राची बटणं दाबता येत नाहीत की पेन धरता येत नाही, म्हणून हा ते काढून खिशात कोंबायचा. मग बोटांची पेरं उलायची. उरणला तो मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो, सुट्टीला घरी येतो. जेवायला बसला आणि आमटीत बोट बुडालं की त्याचा चेहरा बघवत नसे.

वहिनीने त्यावर तोड काढली. मनगट आणि तळवा झाकायचा, बोटं मोकळी सोडायची. मनगटाने ऊब धरली की बोटंही धरतात, असं तिच्या माहेरी म्हणत. लोकर मिळेना. अलिबागच्या दुकानात मिळते ती गुलाबी, पिवळी, आकाशी, सगळी बाळांची. बंदरावरच्या बाप्याला आकाशी हातमोजे कसे चालायचे? शेवटी तिने भावाला सांगून पुण्याहून नारळाच्या सोडणाच्या रंगाची मागवली. शेजारच्या काकूंनी अर्धवट विणलेलं बघून विचारलं की बोटांना लोकर कमी पडली की काय. वहिनी म्हणाली की बोटं त्याची त्याला आहेत.

उजवा हातमोजा झाला. मनगटाला दोन सुलट दोन उलट, हाताच्या पाठीवर उजवीकडे वळणारी वेणी, कडेला शिवण आणि शिवणीत अंगठ्यापुरती खिडकी. फार देखणा झाला होता. मग तिने डावा सुईवर घातला. त्याची वेणी डावीकडे वळायची होती.

तो अंगठ्यापर्यंत आला होता तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, वाडीत पाणी सोडलेलं, पाटातून त्याचा खळखळ आवाज येत होता. मी एका टोपऱ्याचे टाके मोजत होते. वहिनीने सुया बाकावर ठेवल्या आणि पाणी पिऊन येते म्हणाली. मी मान वर केली नाही. ती आत गेल्यावर माझं बाकाकडे लक्ष गेलं आणि दिसलं की ती ओळ अर्धी टाकून उठली आहे. एका सुईवर अर्धे टाके, दुसरीवर अर्धे, मधून धागा लोंबलेला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तिची थट्टा करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत माठावरचं भांडं पडलं.

हृदय, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं, असंही म्हणाले. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढून मात्र त्या सुया हलत नव्हत्या.

दहाव्याला आम्ही समुद्रावर गेलो. पूर्वी आमच्याकडे बायका जात नसत, आता जातात. सुरूच्या बनाच्या कडेला पिंड मांडला. वर फांद्यांवर कावळे बसले होते, पण एक खाली येईना. सुट्टीचा दिवस होता, किनाऱ्यावर पर्यटक होते, केळ्यासारख्या लांबट पिवळ्या होडीवर बसून माणसं पाण्यात किंचाळत होती. गुरुजी म्हणाले आवाजाने बिचकत असतील. मला ते कावळे बिचकल्यासारखे वाटले नाहीत. ते एकटक आमच्याकडे बघत होते.

पिंडाला कावळा शिवेना की गेलेल्याचं काही राहिलं असं धरायचं, आणि जवळच्यांनी एकेक शब्द देऊन बघायचा. आमच्या ह्यांनी शब्द दिला की वाडी विकणार नाही. चुलत नणंद म्हणाली मुलाचं लग्न थाटात करू. कुणी तुळशीवृंदावन नवीन बांधतो म्हणालं. वहिनीने जन्मात कधी वृंदावनाचं नाव काढलं नव्हतं, तिला काय त्याचं. मुलगा नुसता हात जोडून उभा होता. दहा दिवसांत त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, आणि ‘आई’ हा शब्दही त्याच्या तोंडी राहिला नव्हता. तो ‘घरी झालं ते’ म्हणायचा. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला दर्भ हातात घेतले.

माझ्या तोंडून निघालं, ‘वहिनी, डाव्या हाताचा राहिलाय, तो मी पुरा करीन.’

एक कावळा फांदीवरून उतरला, वाळूत दोन उड्या मारून आला आणि त्याने भाताला चोच लावली. बायकांनी डोळ्याला पदर लावले. कावळ्याला भूक लागली असेल, मी वर्गात मुलांना हेच सांगितलं असतं. पण मी ह्यांचा दंड घट्ट धरला होता.

मग काय, गावाला विषय मिळाला. पिठाच्या गिरणीत, देवळात, एसटीच्या थांब्यावर, जो तो विचारू लागला की हातमोजा झाला का. विचारणाऱ्यांच्या डोळ्यांत मला दुसराच प्रश्न दिसायचा. कावळ्याच्या साक्षीने दिलेला शब्द मोडला तर गेलेलं माणूस अडकून राहतं, असं आमच्याकडे कुणी बोलत नाही आणि सगळे मानतात.

तेरावं झाल्यावर मी सुया हातात घेतल्या आणि कळलं की मी भलताच शब्द देऊन बसले आहे. उजव्या हाताने विणणाऱ्याची ओळ एका दिशेने जाते, माझी दुसऱ्या. आपलं काम आपण घालून आपणच संपवलं तर ते जाणवत नाही. पण तिच्या अर्ध्या ओळीवर मी माझ्या सवयीने धागा उचलला, तर माझे हात पुढे जाईनात. तिने विणलेल्या टाक्यांवरूनच ते मागे फिरू लागले. विणीची मागची बाजू पुढे घेऊन पाहिलं. तशी ओळ सरकली, पण प्रत्येक टाका मान मुरगळल्यासारखा बसला आणि तिच्या विणीवर ओरखडा उठावा तशी रेघ दिसायला लागली. मी माझे तेवढे टाके सोडवले. तिच्या शेवटच्या टाक्यापाशी आले आणि थांबले.

सगळ्यांचा सल्ला एकच, उसव आणि तुझ्या हाताने नवा घाल. लोकर तीच, माप तेच, शब्दही पाळला जाईल. शेजारच्या काकू म्हणाल्या, हे म्हणाले, तिच्या भावानेही फोनवर तेच सांगितलं. त्यांचं काही चूक नव्हतं. पण उसवणं म्हणजे काय ते त्यांतल्या कुणी केलेलं नव्हतं. धागा ओढला की टाका टुक करून सुटतो, आणि सुटला की तिथे कधी काही होतं याची खूणही राहत नाही. त्या वीतभर विणीत तिचे शेवटचे दिवस होते. मनगटाशी टाके घट्ट, ती नेहमी विणायची तसे. वर येता येता ते सैल होत गेले होते. शेवटच्या अर्ध्या ओळीतून तर करंगळी आरपार जात होती. तिच्या हातांतलं बळ कसं गेलं ते फक्त त्या लोकरीला माहीत होतं. ते मी ओढून गुंड्याला गुंडाळायचं? मला ते जमण्यासारखं नव्हतं, आणि कुणी फार आग्रह केला की मी तोडून बोलायला लागले.

हाक यायला लागली ती त्याच दिवसांत. दिवा लावून मी पडवीत बसलेली असायची आणि वाडीकडून, विहिरीच्या अंगाने, ‘अगं’ ऐकू यायचं. वहिनी मला असंच बोलवायची, नाव कधी घेतलं नाही तिने. एकदाच यायची ती हाक. भास म्हणा, वाऱ्याने झावळी घासली म्हणा, मी स्वतःला सगळं सांगून झालं होतं. ओ मी दिली नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघत बसायचे, मग तिसरीची. मला भीती वाटत होती, नाही म्हणणार नाही. पण त्या भीतीहून वाईट हे होतं की ती मला तीनदा हाक मारत नव्हती.

एकदा सुया बाकावर ठेवलेल्या होत्या, मी माझ्या खुर्चीत रिकाम्या हातांनी बसले होते, आणि तपेलीत गुंडा टणकन वाजला. मी विज्ञानाची बाई. उठून पाल शोधली, मांजर शोधलं, पंख्याकडे पाहिलं तर तो बंद होता. गुंडा तपेलीच्या तळाशी गप्प पडलेला. तपेली उचलून माळ्यावर टाकावी असं मनात आलं. मी ती तिथेच राहू दिली, आणि सकाळी केर काढताना तिच्या भोवतीने झाडू फिरवला.

मुलगा क्वचित यायला लागला. यायचा, जेवायचा, फोनमध्ये बघत बसायचा, सकाळी जायचा. उजवा हातमोजा मी त्याच्यासमोर ठेवला तर म्हणाला एकाचं काय करू, आणि तो कपाटात ठेवून दिला. मग एका सुट्टीला जेवताना त्याने चमचा मागितला. आमच्याकडे वरणभाताला चमचा पाहुणे मागतात. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. पेरांना चिरा पडल्या होत्या, एकीला चिकटपट्टी होती. मीठ झोंबतं, तो म्हणाला, आणि खाली बघून जेवू लागला. मला तिच्यावर राग आला. अर्धी ओळ टाकून कशाला गेलीस, असं मी भांडी घासताना मोठ्याने म्हणाले. आणि त्याच भांड्यांपाशी मला माझा उजवा हात दिसला, पोराटोरांच्या वह्या तपासून बोटाला घट्टा पडलेला. ज्या हाताला मारून मुटकून लिहायला लावलं, त्याला विणायलाही लावता येईल, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी उरलेल्या गुलाबी लोकरीवर सुरुवात केली. उजव्या हाताला काही केल्या ते येईना. खुर्चीत बसलं की हात आपोआप जुन्या वळणाला जायचे, आणि समोर बघायला कुणी नव्हतं. चिडून चिडून एका दुपारी मी उठले आणि तिच्या बाकावर जाऊन बसले. अंगणाकडे पाठ करून, तशीच, खांबाला टेकून. त्या खांबावर तिच्या केसांच्या तेलाचा डाग आहे. माझं डोकं बरोबर त्याच्यावर आलं. समोर वेताची खुर्ची रिकामी होती. इतके दिवस मी तिची रिकामी जागा बघत होते, आता माझी बघू लागले.

आणि तिथून मला जमायला लागलं. समोरच्या खुर्चीत मी मलाच बसवलं. तिथला डावा हात कसा जायचा ते मला पाठ होतं, तसा इथला उजवा न्यायचा. ती मला शिकवायची त्याच्या उलट, मी मला बघून ती व्हायला शिकत होते. पहिल्यांदा गचाळ टाके पडले, मग बरे, मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की उजव्या हाताची करंगळी वर राहते आहे. वहिनीची राहायची. मी ती खाली दाबली, ती पुन्हा वर आली. ओळ संपली की ती सुईच्या टोकाने कान खाजवायची, त्यावरून मी तिला किती बोललेली आहे. मीही तेच करायला लागले होते. तिच्यासारखा पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला केव्हा लागले ते मात्र ध्यानात नाही.

एक दिवस हे अंगणातून आले आणि पायरीवरच उभे राहिले.

‘तू तिथे बसत जाऊ नकोस,’ ते म्हणाले. ‘मागून बघितलं की छातीत धस्स होतं.’

मी म्हटलं मग पुढून येत जा. ते तसेच आत गेले. त्या दिवसापासून ते खरंच मागच्या दाराने यायला लागले, तेव्हा मला हसू आलं आणि मग आलं नाही.

थळहून एक मावशी आमच्याकडे मासळी घेऊन येते. तिला सगळी हकिकत गावातून कळली होती. पाटी उतरवून तिने माझे हात चालताना पाहिले, आणि बोंबील निवडून देता देता सहज सांगून टाकलं.

‘बाय, ती तुझ्या हातात यून बसली हाय. बसू दे. काम झाला का जाईल.’

बोंबील घेऊन मी आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. लोक घाबरतात ते गेलेलं माणूस येऊन बसेल म्हणून. मला धडकी भरली ती मावशीच्या शेवटच्या शब्दाने.

गुलाबी लोकरीवर हात बसल्यावर एका सकाळी मी त्याचा हातमोजा घेतला. वहिनीचा शेवटचा टाका होता तिथून धागा उचलला आणि उजव्या हाताने पुढचा घातला. तो सरळ बसला. तिचे टाके सैल होते म्हणून मी माझे पहिले टाके मुद्दाम सैल ठेवले, आणि मग ओळीगणिक हळूहळू आवळत नेले, आजारातून माणूस बरं होतं तसे. अर्धी ओळ पुरी झाली तेव्हा मी सुया मांडीवर ठेवून पोटभर रडले. तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच रडले असेन. मुलगा रडत नाही म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडत होते, पण रडले मीही नव्हते.

बाकावर बसू लागल्यापासून वाडीकडची हाक बंद झाली होती. हाक मारणारी आणि ओ देणारी एकाच जागी बसल्यावर कुणी कुणाला हाक मारायची? तपेलीतला गुंडा आता वाजे तो मी धागा ओढला म्हणूनच. तरी पडवीत मी एकटी नसायची. उजव्या हाताला विणायला लागलं की मला पुढचं काही ठरवावं लागत नसे. वेणी कुठे वळवायची, कुठे थांबायचं, ते हाताला ठाऊक असायचं. वेणी डावीकडे वळत वळत बोटांच्या मुळांशी आली, आणि मी चालढकल करायला लागले. आज डोळे दुखतात, आज पाहुणे आहेत, आज अमावस्या. चार ओळींचं काम मी दिवस दिवस लांबवत होते. काम झालं की ती जाणार होती, आणि तिकडे बंदरावर तिच्या मुलाची बोटं फुटत होती. दोन्ही मला माहीत होतं. एका घरात तिच्यासोबत जन्म काढल्यावर ती या वेळी काय म्हणाली असती तेही माहीत होतं. मुलाच्या बाबतीत तिने मला सूट कधीच दिली नसती.

म्हणून त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि शेवटची ओळ घेतली. शेवटच्या ओळीत टाके बंद करायचे असतात, एक दुसऱ्यावरून उलटायचा, तो तिसऱ्याखाली, असं करत सुई रिकामी होत जाते. समुद्रावरून वारा येत होता. हे देवळात गेले होते. मी अर्ध्यावर आले होते तेव्हा फाटक वाजलं. तो येणार असल्याचं कळवलेलं नव्हतं, आणि मी वळले नाही कारण ओळ अर्धी होती. पावलं अंगणात आली आणि मध्येच थांबली.

‘आई.’

एकदाच. हात थांबले. मला वाटलं ही हाक भलत्या ठिकाणी आली आहे, हिला मी ओ देऊ शकत नाही. मी मान किंचित वळवली. दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर होता. त्याने माझा चेहरा बघितला आणि त्याला कळलं, हे मला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. आता तो ओशाळेल, काकू म्हणेल, जेवायला काय आहे विचारेल. मी त्याला सोपं जावं म्हणून तोंड पुन्हा विणीकडे फिरवलं आणि वाट बघत राहिले.

‘आई,’ तो पुन्हा म्हणाला. या वेळी चुकून नाही.

मी पुढचा टाका बंद केला, धागा ओढला गेला आणि तपेलीत गुंडा वाजला. मागे तो पायरीवर बसल्याचा आवाज आला. तिसरी हाक यायला वेळ लागला. ती आली तेव्हा रडण्यात बुडालेली होती, शब्द म्हणून ओळखूही येऊ नये इतकी, पण ती तिसरी होती.

‘ओ,’ मी म्हणाले. ‘ओळ पुरी करते नि येते.’